दोन बोटं जास्तीचं टेबल

मी एक घडीचं टेबल बोलतोय. माझ्यावर कोपर टेकायचं असेल तर आधी पुसून घ्या. मला नाही, कोपर. मला माणसांची किळस येते, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. माझ्यावर जे जे सांडलं ते तुमच्या अंगावर सांडलं असतं, तर तुम्हीसुद्धा माणसांविषयी गोड बोलला नसता.

माझा जन्म एका शिडाच्या होडीसाठी झाला. होडी लहानच. चौघं बसली की पाचव्याने काठावरून हात हलवायचा. ती दोन भावांची होती. थोरला शिंपी. धाकटा गॅरेजमध्ये, धडकून चेपलेल्या गाड्यांचे पत्रे आतून ठोकून सरळ करायचा. दोघांचे स्वभावही तसेच. थोरला माप घेतल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही. धाकटा आधी ठोकायचा आणि मग काय ठोकलं ते बघायचा. होडी त्यांना मोडक्या अवस्थेत मिळाली होती. धाकट्याने तिची भोकं बुजवली, फळ्या बदलल्या. थोरल्याने दुकानात बसून शीड शिवलं. ते एवढं पसरलं की गिऱ्हाइकांना चपला हातात घेऊन भिंतीच्या कडेकडेने यावं लागायचं.

होडी उभी राहिली तशी थोरल्याच्या डोक्यात टेबल शिरलं. त्यांच्या घरात तीन माणसं आणि तिघं तीन वेळांना जेवायची. आई सगळ्यांच्या आधी किंवा सगळ्यांच्या नंतर, बहुधा ओट्यापाशी उभ्याने. थोरला दुकानात, शिलाई मशीनच्या फळीवर. धाकटा काम संपल्यावर, हाताला ग्रीस तसंच. थोरला म्हणायचा, होडी खाडीच्या मध्यावर न्यायची, नांगर टाकायचा आणि तिघांनी एका वेळी, एका टेबलावर, बसून जेवायचं. त्याला दुसरं काही नको होतं. दूरच्या बेटाबिटांवर त्याला जायचं नव्हतं.

टेबल कसं असावं यावरून दोघं कितीतरी दिवस भांडले. धाकट्याचं म्हणणं, बाजारात पायांचं घडीचं टेबल मिळतं, उचलायचं आणि ठेवायचं होडीत. थोरल्याने ते उडवून लावलं. "होडीत पाय फक्त माणसांना असावेत," तो म्हणाला. "होडी कलली की तुझं ते चार पायांचं जनावर ताटासकट आईच्या मांडीत जाऊन बसेल."

होडीच्या पोटात मधोमध एक उभी अरुंद पेटी असते. तिच्यातून एक फळी खाली पाण्यात सोडतात, म्हणजे वारा लागला तरी होडी आडवी सरकत नाही. थोरल्याने ठरवलं की मी त्या पेटीच्या डोक्यावर बसणार. मधे एक पट्टी आणि दोन्ही बाजूंना बिजागऱ्यांनी जोडलेले दोन पंख. शीड चढवायचं तेव्हा पंख खाली. जेवायचं तेव्हा वर.

मग त्याने धाकट्याला होडीत बसवलं, गळ्यातला टेप काढला आणि त्याच्या अंगावर माझं माप घेतलं. गुडघ्यापासून बाक किती, कोपरापासून पोट किती. धाकट्याने ऐटीत श्वास रोखून धरला तर म्हणाला, "पोट सोड. जेवल्यावर असतं तेवढं सोड. लग्नाचा कोट नाही शिवत मी."

माप अगदी बरोबर होतं. चूक पुढे झाली, आणि ती फक्त शिंप्याच्याच हातून होऊ शकते. त्याने प्लायवुडवर खडूने रेघ ओढली आणि सवयीने रेघेच्या बाहेर दोन बोटं सोडून कापलं. कपड्यात तेवढं कापड आत दाबून ठेवतात, पुढे माणूस सुटला की उसवून मोठं करता येतं. लाकडात काय दाबणार? मला होडीत नेलं तर पंख वरच येईनात, दोन्हीकडे बाकांना अडकले. धाकटा इतका हसला की होडीच्या तळावर बसला. "दादा, आता याला चुण्या घाल," म्हणाला.

थोरला वरमला, पण कबूल करील तर शपथ. "रविवारी कापून टाकू," म्हणाला. "ही काय मोठी गोष्ट आहे!"

रविवारी तो अंथरुणातून उठलाच नाही. पोटात कळ होती. ती कळ पुढे मोठ्या नावाचा आजार निघाली. मी होडीत बसलो असतो तर तिथेच राहिलो असतो. दोन बोटं जास्त होतो म्हणून घरी राहिलो, आणि घरी होतो म्हणून खाटेपाशी गेलो.

धाकट्याने मला चार पाय ठोकले. पाय नव्हेच ते, खोक्याच्या फळ्या होत्या. आणि मला आडवा नेऊन थोरल्याच्या मांड्यांवर उभा केला, औषधं आणि ताट ठेवायला. थोरल्याने माझे पाय पाहिले. "माझ्या होडीच्या टेबलाला पाय लावलेस?" एवढंच म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. धाकटा हातात हातोडी घेऊन तसाच उभा राहिला. त्याला वाटलं होतं, दादाला आवडेल.

पुढचे महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. माझ्यावर गुलाबी औषधाचे थेंब वाळले, त्यांच्यावर मुंग्या आल्या. अर्धवट चावून काढून ठेवलेला घास माझ्यावर. थुंकायचं भांडं माझ्यावर, आणि त्याला लागूनच पाण्याचा पेला. एकदा तर भांड्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याला धीर धरवला नाही, सगळं माझ्याच अंगावर आलं, बिजागऱ्यांच्या खाचांत शिरलं. आईने पुसलं, पण खाचा कोण पुसतो? मी वाऱ्यासाठी जन्मलेलो. त्या बंद खोलीतल्या आंबूस वासात मला स्वतःचीच शिसारी यायला लागली.

संध्याकाळ झाली की धाकटा यायचा. हात न धुता स्टूल ओढून बसायचा आणि दोघं भांडायला सुरुवात करायचे. होडीला रंग कोणता द्यायचा. नांगराचा दोर किती लांब. आईला कुठे बसवायचं, पुढे की मागे. थोरला म्हणायचा मागे, सुकाणूपाशी, तिला धरायला काहीतरी हवं. धाकटा म्हणायचा, आईच्या हातात सुकाणू दिलं तर आपण रोज बाजारातच जाऊ.

आता सांगतो ते फक्त मी पाहिलं. धाकटा यायच्या थोडं आधी आई थोरल्याला एक पिवळी गोळी द्यायची. तो ती तोंडात टाकायचा, वर पाणी प्यायचा. आई वळली की गोळी जिभेवर पुढे आणायचा, ताटातल्या मऊ भाताच्या लगद्यात गुंडाळायचा आणि हात खाली घालून माझ्या पोटाला चिकटवायचा. ओली, कोमट, थुंकीने लडबडलेली. रोज एक. अंगावर काटा यायचा माझ्या. आधीच्या वाळून दगड व्हायच्या आणि शेजारी नवी ओली.

गोळी दुखणं थांबवणारी होती, पण ती घेतली की त्याला लगेच गुंगी यायची. गोळी घेतली नाही की तो जागा राहायचा, आणि बोलता बोलता माझी कड अशी आवळायचा की नखं रुतायची. ते दुखणं मला त्याच्या बोटांतून कळायचं. धाकट्याला नाही कळलं. तो नांगराबद्दल बोलत असायचा.

एका दुपारी आईने माझ्यावरची वाटी उचलली ती परत ठेवलीच नाही.

मग माणसं यायला लागली. माणूस मेलेल्या घरात माणसं किती खातात! माझ्यावर चहाचे कप आले, बशी कुणालाच नको. बिस्किटं बुडवत बुडवत म्हणायची, "सुटला बिचारा." बिस्किट तुटून चहात पडायचं, मग तोंडातलं दुःख बाजूला ठेवून बोटाने ते काढायचं, आणि बोट पुसायचं कुठे? माझ्या खालच्या अंगाला. टेबलाचं वरचं अंग लोक चारचौघांत वापरतात, खालचं एकटे असल्यासारखे. नाकातलं, दातांतलं, सगळं तिथे. धाकटा अशा वेळी खोलीतून उठून जायचा. मला जाता आलं असतं तर मीही गेलो असतो.

सगळ्यांत वाईट त्यांचा मामा. तो रोज यायचा आणि रोज सल्ला द्यायचा. एकदा त्याची बोटं खाली पुसता पुसता त्या गोळ्यांना लागली. त्याने हात झटकन मागे घेतला, वास घेतला आणि "हल्लीची पोरं च्युइंगम कुठेही चिकटवतात" म्हणाला. वाकून पाहिलं असतं तर! पण वाकणं त्याच्या पोटाला जमत नव्हतं.

या मामाने होडीसाठी एक ठिकाण शोधून आणलं. त्याच्या ओळखीचा एक हॉटेलवाला होता. त्याला फाटकापाशी शोभेला एक होडी हवी होती. तिच्यात माती भरायची आणि फुलझाडं लावायची. "पोराची आठवण पण राहील आणि येणाऱ्याजाणाऱ्याला प्रसन्न वाटेल," मामा म्हणाला. ते ऐकून माझ्या बिजागऱ्या कुरकुरल्या. एक माणूस मरतो आणि त्याच्या होडीत शेवंती लावायची म्हणे. धाकट्याने कप असा आपटला की चहा मामाच्या पांढऱ्या पँटवर उडाला. होडी पाण्यात जाणार, म्हणाला, दुसरीकडे कुठेही नाही. आईने रिकामे कप उचलले.

भेटायला येणाऱ्यांचा ओघ आटला तशी आईने ती खोली रिकामी करायला काढली. गादी गेली, चादरी गेल्या, भांडं गेलं. मला मात्र ती हात लावेना. याला बघितलं की मला मळमळतं, घराबाहेर ने याला, असं तिने धाकट्याला सांगितलं. मी दुखावलो नाही. मलाही माझ्याकडे बघितलं की तसंच व्हायचं.

धाकट्याने माझे पाय लाथेने मोडले, पंख दुमडले आणि मला खांद्यावर टाकून धक्क्याजवळच्या पडवीत नेलं. होडी तिथे आडव्या ओंडक्यांवर ठेवलेली होती. मला वाटलं, सुटलो. याने आता मला खारं पाणी ओतून धुवावं, दोन बोटं कापावी आणि पेटीवर बसवावं. पण हा पडला ठोकणारा. त्याला माझ्या अंगावरचे औषधाच्या बाटल्यांचे गोल डाग दिसले आणि धुण्याऐवजी त्याने रंधा घेतला. प्लायवुडवर रंधा! वरचं चांगलं लाकूड कागदाएवढं पातळ असतं. ते भराभर सोलून निघालं आणि खाली सरसाचा काळा थर उघडा पडला. डाग बारीक होते, आता मी सगळाच डाग झालो. धाकट्याने रंधा फेकला, स्वतःला दोन शिव्या दिल्या, एक मला दिली आणि मला पालथा घातला.

तेव्हा त्याला त्या दिसल्या. दोन्ही पंखांच्या खाली, ओळीने, पिवळ्या पडलेल्या, भाताची खपली धरलेल्या.

आधी त्याला कळलं नाही. त्याने नखाने एक उकरली, वास घेतला आणि चक्क जिभेवर ठेवली. कुणाच्या तोंडातून आलेली, काय ती, काही विचार नाही. कडू लागली तशी तो थुंकला. आणि मग कळलं. म्हणजे अर्धंच कळलं. दादा औषध घेतच नव्हता. आपण ओव्हरटाइम करून आणायचो आणि दादा ते टेबलाला चिकटवत होता.

"तुला जगायचंच नव्हतं का रे?" तो म्हणाला. माझ्याकडे बघून, हळू आवाजात. तो एवढ्या हळू बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

मी काय सांगणार? मला खरं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं. लाकडाच्या जन्माची एवढी चीड मला कधी आली नव्हती. मी त्याच्याकडे बघत राहिलो, आणि तो खिशातून फोन काढून मामाला सांगत होता की सकाळी टेंपो घेऊन ये, होडी ने, माती भर, काय हवं ते कर.

मग त्याने मला पुन्हा खांद्यावर घेतलं आणि घरी आणून आईच्या पुढ्यात जमिनीवर पालथं टाकलं. ती भाजी निवडत होती. तिने गोळ्यांकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"तुझा लाडका," तो म्हणाला. "बघ काय केलंय."

"बघितलंय."

"कधी?"

"तेव्हाच." आईने मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं. "पांढरी मोठी गोळी आणि ते गुलाबी औषध मी माझ्या हाताने द्यायचे. ते त्याने एकदासुद्धा चुकवलं नाही. या पिवळ्या आहेत. दुखण्याच्या. ही घेतली की त्याला तू आलेलाच कळायचा नाही."

धाकट्याने वाकून एका गोळीला बोट लावलं.

"तू जेवायला उठलास की मी दुसरी द्यायचे. ती घ्यायचा गपचूप. कधीकधी मागून घ्यायचा."

"आणि मला नाही सांगितलंस? तो तिथे कळा सोसत बसलेला आणि मी दोराच्या लांबीवरून त्याचं डोकं खातोय!"

"सांगितलं असतं तर भांडला असतास का त्याच्याशी?" आई म्हणाली. "डोळ्यांत पाणी आणून 'दादा, पड जरा' म्हणाला असतास. तसं म्हणायला मी होते, शेजारी होते, डॉक्टर होते. तू त्याच्याशी भांडायचास ना, तेवढा वेळ तो आजारी नसायचा."

आई पुन्हा भाजी निवडायला लागली. तिचे हात चालत होते, पण चांगली पानंही ती टाकून द्यायच्या ढिगात टाकत होती. धाकटा माझ्याशेजारी जमिनीवर बसला आणि भाजी कापायच्या सुरीने एकेक गोळी खरवडायला लागला. सावकाश, लाकडाला ओरखडा पडणार नाही असा. खाली प्रत्येकीचा पिवळा ठसा राहिला. तो मात्र त्याने घासला नाही.

सकाळी उजाडताच आम्ही पडवीत होतो. वरचं अंग नासलंच होतं म्हणून त्याने बिजागऱ्या काढून उलट्या बाजूला बसवल्या आणि माझं पोट वर आणलं. मग करवत घेतली. थोरल्याने याच खालच्या अंगाला ओढलेली खडूची रेघ अजून पुसटशी होती. त्या रेघेवर करवत ठेवून तो बराच वेळ थांबला. त्याला थांबलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग त्याने कापलं, एका दमात, आणि कापलेल्या पट्ट्या पायाने बाजूला सारल्या. पेटीच्या डोक्यावर मला ठेवून स्क्रू आवळले. पंख वर उचलले तर बाकांच्या मधोमध असे बसले, की शिंप्याने दाद दिली असती. दिली नसती म्हणा. "बोललो होतो ना," म्हणाला असता.

ओंडक्यांवरून होडी पाण्यात ढकलायला एकट्याचं बळ पुरेना. तेवढ्यात आई आली, हातात डबा घेऊन. डबा तिने होडीत ठेवला, पदर खोचला आणि खांदा लावला.

आम्ही धक्क्यापासून निघालो तोच फोन वाजला. मामा टेंपो आणि हॉटेलवाला घेऊन पडवीत उभा होता आणि होडी कुठे आहे म्हणून ओरडत होता. धाकट्याने, पाण्यात आहे, असं सांगितलं. मामाचा आवाज चढला तसा आईने फोन मागून घेतला. "त्या माणसाला सांग, कुंड्या विकत घे म्हणावं," ती म्हणाली आणि फोन बंद करून डब्याखाली ठेवला.

खाडीच्या मध्यावर नांगर टाकला. आईने माझे पंख उघडले. त्या पिवळ्या ठशांवर तिने एकदा हात फिरवला आणि मग त्यांच्यावरच ताटं मांडली. तिला मळमळलं असेल तर तिने दाखवलं नाही. मागून एक मोठी बोट गेली, तिच्या लाटेने आम्ही कललो आणि धाकट्याचं ताट घसरून रश्शासकट त्याच्या मांडीत गेलं. ताटं अडवायला कडेला पट्टी ठोकायची असते हे त्याला कुठलं सुचायला? आई हसली. खूप दिवसांनी तिच्या तोंडून तो आवाज आला. तोही हसला, तोंडात घास तसाच, आणि हसता हसता त्याचं रडणं सुरू झालं. चावलेली पोळी, नाकाचं पाणी, रस्सा, सगळं माझ्यावर. शी! मी एरवी शहारलो असतो. त्या दिवशी आईने फडकं उचललं तेव्हा मला वाटलं, राहू दे थोडा वेळ.

आता मी होडीतच असतो. बिजागऱ्या साध्या लोखंडाच्या आहेत, खाऱ्या हवेने गंजल्या आहेत, उघडताना किंचाळतात. कडेची पट्टी धाकटा उद्या लावणार आहे, हे तो प्रत्येक वेळी म्हणतो. पक्षी माझ्यावर बसतात आणि जे करायचं ते करून उडून जातात. त्यांच्याकडून मी दुसरी अपेक्षा ठेवलेली नाही. आई येते, मागे बसते, सुकाणू तिच्या हातात नसतं पण कुठे वळायचं ते तीच सांगते. आणि धाकटा अधूनमधून समोरच्या रिकाम्या बाकाशी दोराच्या लांबीवरून मोठ्याने वाद घालतो. आई त्याला अडवत नाही.

तुम्हीही या कधीतरी. माझ्यावर सांडा, बोटं पुसा, काय हवं ते करा. मी नाक मुरडेन, पण चालवून घेईन. फक्त एकदा बसलात की पोटभर जेवून उठा. ताटावरून मधेच उठून जाणारी माणसं मला आता सोसत नाहीत.